जंगलात जाताना कोणती हत्यारं घ्यावीत? बुशक्राफ्टसाठी चाकू, करवत आणि कुऱ्हाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुशक्राफ्टकडे, म्हणजे मोजक्या हत्यारांनिशी जंगलात राहण्याच्या कलेकडे, वळलेल्या माणसाचे पहिले दोन महिने चाकूंचे फोटो बघण्यात जातात. माझेही गेले. खालचे प्रश्न बहुतेक त्याच दिवसांतले आहेत, काही माझे, काही सोबत आलेल्यांचे. सुतार आपल्या अवजारांना हत्यारं म्हणतो, त्याच अर्थानं इथे हा शब्द घ्यावा.

कोणता चाकू घेऊ?

थांबा, आधी तिथे जाऊन करणार काय ते सांगा. नुसत्या 'कापणं' या शब्दावर भागत नाही म्हणून तर मराठीत इतकी क्रियापदं आहेत. फांदी तोडायची, ओंडका कापायचा, मग तो फोडायचा, काठी तासायची, झुडूप छाटायचं, साल सोलायची, खाच पाडायची, चमचा कोरायचा. प्रत्येकाला हाताची वेगळी चाल लागते, आणि म्हणून वेगळं पातं. फोडायला पाचरीसारखं जाड पातं हवं, सोलायला-कोरायला पातळ. एकाच पात्याकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की दोन्ही कामं अर्धवट होतात.

निघण्याआधी ही क्रियापदं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे ते काम किती पडणार याचा अंदाज लिहा. उन्हाळ्यातली एक रात्र, स्वयंपाकाला गॅसचा स्टोव्ह, ताडपत्री ताणायला चार खुंट्या, एवढाच बेत असेल तर तासणं आणि खाच पाडणं यापलीकडे काही नाही. कडाक्याच्या थंडीत रात्रभर शेकोटी जागती ठेवायची असेल तर मांडीएवढे ओंडके कापावे आणि फोडावे लागणार. पहिल्या बेताला एक चाकू पुरतो. दुसऱ्याला तेवढाच घेऊन गेलात तर मध्यरात्रीपर्यंत सरपणच करत बसाल.

बरं, यादी केली. आता एकच हत्यार न्यायचं असेल तर?

घडी न होणारा, साध्या पात्याचा चाकू. पातं साधारण १० सेंटीमीटर लांब, अडीच ते तीन मिलिमीटर जाड, मूठ चार बोटं नीट मावतील अशी. फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनच्या मोरा गावचे चाकू याच मापाच्या आसपास असतात, आणि ते लाकूडकाम करत जगलेल्या लोकांच्या हातात घडलेले आहेत. पातं १५ सेंटीमीटरच्या पुढे गेलं की टोक हातापासून लांब जातं आणि बारीक कामात ते कुठे चाललंय याचा अंदाज राहत नाही.

पाठीकडची कड चौकोनी, तीक्ष्ण कोपऱ्याची आहे ना, तेवढं बघा. फेरो रॉडवर (घासलं की ठिणग्या देणारी धातूची कांडी) ठिणग्या पाडायला आणि साल खरवडून भुसा काढायला तीच कड लागते, म्हणजे धार वाचते. मुठीच्या टोकाला होकायंत्र किंवा पाठीवर करवतीचे दाते असलेला चाकू मात्र सरळ बाजूला ठेवा. ते दाते कापत तर नाहीतच, वर पाठीवर अंगठा टेकवू देत नाहीत.

पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलंच हवं का?

पात्याचा मुठीत जाणारा भाग म्हणजे टँग. तो शेवटापर्यंत गेला की त्याला फुल टँग म्हणतात आणि यावर लोक हिरिरीने भांडतात. पूर्ण टँग मजबूत असते यात वाद नाही. पण पुक्कोची टँग मुठीच्या आत लपलेली आणि निमुळती असते, आणि तरी ते चाकू पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तासणं आणि खाच पाडणं एवढंच काम असेल तर लपलेली टँग पुरते, चाकू हलका होतो आणि थंडीत हाताला लोखंड लागत नाही. चाकूवर दांडका मारून लाकूड फोडायची सवय असेल तर पूर्ण टँग घ्या.

खिशातला घडीचा चाकू चालणार नाही?

सोबतीला उत्तम. एकट्यानं नाही.

फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो साधा घडीचा चाकू बनवला, तो आजही तसाच दिसतो. मुठीच्या तोंडाशी पातं अडकवणारं फिरतं कडं त्याला १९५५ मध्ये आलं. त्याच्या ८ नंबरच्या मापाचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं, आणि इतकं पातळ की फळ कापायला आणि काठीची साल काढायला हातात धरल्यावर सोडवत नाही.

अडचण बिजागरीची आहे. माझ्याकडे एक कडं नसलेला घडीचा चाकू होता. सालीत भोक पाडायला मी त्याचं टोक रोवलं आणि जरा तिरकं दाबलं. पातं मिटलं ते थेट तर्जनीच्या पेरावर. जखम छोटी होती, पण पुढचे दोन दिवस दोरीची एक गाठ मला नीट मारता आली नाही. घडीचा असेल तर पातं अडकणारा घ्या, आणि अडकणाऱ्याशीही टोचण्याचं, मुरगाळण्याचं किंवा ठोकण्याचं काम करू नका.

कार्बन स्टील की स्टेनलेस?

कार्बन स्टील लवकर धारेला येतं आणि लवकर गंजतं. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात, चाकूंच्या पोलादात ते बहुधा तेराच्या आसपास किंवा जास्त असतं. तेही गंजतं, फक्त सावकाश. पाऊस, समुद्रकिनारा, दमट हवा असेल किंवा संध्याकाळी पातं पुसायचा कंटाळा असेल तर स्टेनलेस. रोज पुसणार आणि दगडावर घासायला आवडणार असेल तर कार्बन. वापरता वापरता कार्बनचं पातं करडं-निळसर पडतं, तो गंज नव्हे. तो थर असू द्या, तांबडे ठिपके दिसले तर मात्र लगेच घासून काढा.

'स्कँडी' धार म्हणजे काय, आणि नवशिक्यानं तीच का घ्यावी?

पाठीपासून पातं एकाच जाडीचं खाली येतं आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजूंनी सरळ उतरतं. हा उतार रुंद आणि सपाट असतो. दगडावर पातं टेकवलं की उताराची पूर्ण पट्टी दगडाला बसते, कोन डोळ्यांनी मोजावा लागत नाही. ती बसली की हाताला कळतं. नवशिक्याची पहिली वर्षं धार लावताना कोन डगमगण्यातच जातात, ती यात वाचतात. लाकूड तासतानाही हाच उतार काठीवर टेकून राहतो आणि ढलपी एकसारखी निघते. दोष एवढाच की पातं पाचरीसारखं असल्यानं जाड भाजी चिरताना ती चिरण्याऐवजी फुटते.

करवत खरंच लागते?

लागते. चाकूनंतर दुसरी जागा कुऱ्हाडीला देणारे पुष्कळ आहेत. मी करवतीला देतो.

मनगटाएवढी वाळलेली फांदी घ्या. चाकूनं ती तोडायची तर चहूबाजूंनी खाच पाडत आत जावं लागतं, ढलप्यांचा ढीग पडतो आणि शेवटी गुडघ्यावर मोडताना ती भलतीकडेच चिरते. घडीच्या करवतीनं तीच फांदी दम लागायच्या आत कापून होते, टोक सपाट राहतं आणि तो तुकडा उभा ठेवून फोडता येतो. थकलेल्या, भिजलेल्या माणसाच्या हातात करवत कुऱ्हाडीपेक्षा कितीतरी कमी धोक्याची असते. हात घसरला तर ओरखडा, फार तर खोल ओरखडा. कुऱ्हाडीच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

घडीच्या जपानी करवती ओढताना कापतात. ओढताना पातं ताणलेलं असतं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं. पुढे ढकलताना जोर लावलात तर तेच पातं वाकतं, कधी तुटतं. तेव्हा ओढताना जोर, पुढे नेताना नुसती सैल. पातं कापायच्या लाकडाच्या जाडीच्या दुप्पट लांब असेल तर भुसा बाहेर पडायला जागा मिळते. १८ ते २० सेंटीमीटरचं पातं आठ-दहा सेंटीमीटरच्या लाकडापर्यंत सुखानं चालतं. मोठे दाते ओल्या लाकडाला, बारीक दाते वाळलेल्याला.

करवत अडकते ही तक्रार बहुधा ओंडका कसा टेकवलाय याची असते. दोन्ही टोकं टेकलेला ओंडका वरून मधोमध कापला की तो खाली दबतो, चीर मिटते आणि पातं आवळलं जातं. एक टोक हवेत ठेवून त्या बाजूला कापा, चीर आपोआप उघडत जाईल. शेवटी टोक पडताना खालची साल ओरबाडली जाऊ नये म्हणून आधी खालून जरासा छेद द्यावा.

रात्रभराचं जाड सरपण असेल तर धनुष्यासारख्या चौकटीची बो सॉ पाहा. तिचं पातं गुंडाळून नेता येतं, चौकट तिथल्याच काठ्यांची बनवता येते. पहिल्यांदा बनवायला अर्धा दिवस जातो हे आधीच सांगून ठेवतो.

मग कुऱ्हाड कधी?

फोडणं हे क्रियापद यादीत वर असेल तेव्हा. पावसाळी हवेत लाकूड बाहेरून भिजलेलं असतं आणि उभ्या वाळलेल्या झाडाच्या आतला गाभा कोरडा असतो. त्या गाभ्यापर्यंत जायला लाकूड उभं फोडावंच लागतं, आणि जाड लाकूड कुऱ्हाडीइतकं दुसऱ्या कशानं फुटत नाही. थंड प्रदेश, मोठी शेकोटी, बरेच दिवसांचा एकाच जागी मुक्काम, असं असेल तर कुऱ्हाड आपलं वजन वसूल करते. रोज चालत पुढे जायचं असेल तर ती पाठीवरचं एक किलो ओझं होऊन बसते.

एकोणिसाव्या शतकात 'नेस्मुक' या टोपणनावानं लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सचं त्रिकूट बुशक्राफ्टवाल्यांच्या बोलण्यात हमखास येतं: दोन तोंडांची छोटी कुऱ्हाड, म्यानातला पातळ पात्याचा चाकू आणि खिशातला घडीचा चाकू. लोक त्याच्या कुऱ्हाडीची नक्कल करतात. मला त्यातलं खरं शहाणपण पातळ चाकूत दिसतं. फोडायचं ओझं कुऱ्हाडीवर टाकलं म्हणून चाकू पातळ ठेवता आला. कुऱ्हाड घरी ठेवून तोच पातळ चाकू फोडायला वापरला तर हे गणित मोडतं.

घेताना दांडा टोकाकडून बघा. लाकडाचे रेषे पात्याला समांतर असावेत, आडवे असतील तर दांडा कधीतरी मोडणार. डोकं ६०० ते ७०० ग्रॅम आणि दांडा ४५ ते ५० सेंटीमीटर, हे माप एका हातानं तासायला आणि दोन्ही हातांनी तोडायला, दोन्हीला चालतं.

छोटी कुऱ्हाड नवशिक्याला जास्त सुरक्षित, हो ना?

उलट. लांब दांड्याची कुऱ्हाड घाव चुकला तर बहुतेक वेळा समोर जमिनीत रुतते. आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीचा फेरा तुमच्या नडगीवर किंवा गुडघ्यावर येऊन संपतो. छोटी कुऱ्हाड वापरायची तर गुडघ्यांवर बसा आणि लाकूड एका जाड ठोकळ्यावर ठेवा, म्हणजे चुकलेला घाव ठोकळ्यात जातो. उभं राहून, लाकूड डाव्या हातात धरून, वरून घाव घालणारा माणूस दिसला तर त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घ्यायला मी संकोच करत नाही.

कोयता, मशेटी, खुकरी यांचं काय?

इथे जंगल कोणतं यावर सगळं आहे. वेली, गवत, बांबू, हिरवी मऊ झुडपं असतील तर लांब आणि पातळ मशेटी वेगानं काम करते, कारण अशा हिरवळीला वजन लागत नाही, वेग लागतो. कोयत्याचं टोक आत वळलेलं असल्यानं फांदी निसटत नाही. छाटायला आणि बांबू फोडायला तो फार चांगला. खुकरीचं वजन पुढे असतं, म्हणून ती आकाराच्या मानानं खोल घाव घालते. उत्तर ध्रुवाकडे सामी लोकांचा लेउकू हाही असाच मोठा चाकू, तिकडच्या बारीक बर्च झाडांना साजेसा. गोठलेल्या, टणक, मोठ्या झाडांच्या जंगलात मशेटी नेणारा माणूस आणि दाट वेलींच्या जंगलात कुऱ्हाड नेणारा माणूस सारखेच फसतात.

चाकूवर दांडका मारून लाकूड फोडणं बरोबर की चूक?

याला बॅटनिंग म्हणतात. करावं, पण हिशेबानं. लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा निदान तीन सेंटीमीटर बारीक हवं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं टोक बाहेर राहतं आणि त्यावर दांडका मारता येतो. १० सेंटीमीटरच्या पात्यानं सहा-सात सेंटीमीटरचा तुकडा, त्याहून जाड नाही. गाठ असलेला तुकडा सोडून द्या. पातं गाठीत अडकलं की लोक मूठ खालीवर हलवतात आणि पातं तिथेच मोडतं. पातं बाजूला ठेवून लाकडाचीच पाचर तासून चिरेत ठोकली तर तेच काम होतं आणि चाकूचं काही जात नाही.

मल्टिटूल?

पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि कात्री हवी असेल तर. स्टोव्ह किंवा बॅगेचं बक्कल बिघडलं की तो सोन्यासारखा वाटतो. चाकूच्या जागी नको.

धार लावायला सोबत काय न्यायचं?

एक-दोन रात्रींच्या सहलीला काहीच नको, घरून नीट धार लावून निघा. आठवडा असेल तर तळहाताएवढा, एका बाजूला खरखरीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा दगड, आणि कातड्याचा पट्टा. पट्ट्यावर पातं नेहमी पाठीकडे ओढायचं. धारेच्या दिशेनं ओढलंत तर पट्टाच कापला जाईल. रोज रात्री दहा-पंधरा वेळा पट्ट्यावर ओढलेला चाकू दगडाचं तोंड क्वचितच बघतो.

कुऱ्हाडीला कानस चालते, कारण कुऱ्हाडीचं पातं चाकूपेक्षा मऊ ठेवलेलं असतं. कठीण केलं तर ते गाठीवर तुकडा सोडतं.

विजेच्या ग्राइंडरवर मात्र धार लावू देऊ नका. जुनी कुऱ्हाड मी एकदा अशीच एका दुकानात दिली. चकचकीत होऊन परत आली, पण धारेलगत निळी पट्टी होती. तो निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याची खूण, आणि तेवढ्यात पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कठीणपणा, उतरतं. तिची धार दहा घावांत वळायची. निळा भाग पूर्ण जाईपर्यंत मी ती कानशीनं मागे नेली, तेव्हा कुठे ती कामाची झाली.

कुऱ्हाडीचं डोकं सैल झालंय. पाण्यात ठेवू का?

ठेवू नका. पाण्यानं दांडा फुगतो, नेढ्यात घट्ट बसतो आणि लाकडाचे रेषे आतल्या आत चेपले जातात. वाळला की तो आधीपेक्षा सैल. मी बादलीत ठेवलेली कुऱ्हाड त्या दिवशी छान चालली आणि पुढच्या आठवड्यात डोकं बोटानं हलत होतं. नवी पाचर ठोका आणि दांड्याचं टोक जवसाच्या तेलात मुरू द्या. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

कापून घेण्याचे सगळ्यात सामान्य प्रकार कोणते?

मांड्यांच्या मध्ये काठी धरून स्वतःकडे किंवा खाली तासणं हा सगळ्यात वाईट, कारण मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रोहिणी जाते आणि तिथला घाव मिनिटांत जीव घेऊ शकतो. कोपर गुडघ्यांवर टेकवून पुढे तासा, किंवा काठी गुडघ्याच्या बाहेर धरा. दुसरा प्रकार म्यानात चाकू घालताना, बोलता बोलता, न बघता. तिसरा बोथट चाकूचा, कारण बोथट पात्यावर जास्त जोर लागतो आणि जोराचा हात घसरला की थांबत नाही.

हात लांब करून गोल फिरा. त्या वर्तुळात कोणी असेल तर काम सुरू करू नका. जखम दाबून धरायला निर्जंतुक गॉज आणि पट्टी हत्यारांसोबतच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. अंधार पडल्यावर कुऱ्हाड बंद, हा आमच्यात एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही.

ही हत्यारं घेऊन प्रवास करता येतो?

विमानात केबिनमध्ये नाही, म्यानात घालून आणि गुंडाळून चेक-इन सामानात. जमिनीवर नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी विनाकारण जवळ बाळगता येतो तो न अडकणारा, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू. जर्मनीत १२ सेंटीमीटरपेक्षा लांब स्थिर पात्याला सबळ कारण लागतं. राखीव जंगलांत आणि अभयारण्यांत अनेकदा पात्यावर किंवा लाकूड तोडण्यावरच बंदी असते, तेव्हा जाल तिथले नियम आधी विचारा. जिवंत झाड तोडायची परवानगी नसेल तर कुऱ्हाडीची गरजही बरीच कमी होते.

घरी आल्यावर?

पुसा, वाळवा, तेलाचं बोट फिरवा आणि कातड्याच्या म्यानातून बाहेर काढून ठेवा. कातडं ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत गंजतं.

तुम्ही स्वतः काय नेता?

१० सेंटीमीटरचा स्टेनलेस चाकू, १९ सेंटीमीटरची घडीची करवत, खिशात छोटा घडीचा चाकू, दगड आणि पट्टा. सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत. कुऱ्हाड वर्षातून दोन-तीनदा, थंडीतच, आणि चौघांत मिळून एक. ती कोणी वाहायची यावर निघताना वाद होतो, आणि मुक्कामाला पोचल्यावर पहिला ओंडका कोणी फोडायचा यावर पुन्हा होतो.